टँकरला युद्धनौका, खलाशाला कोण?

धाकटी डहाणूच्या बोटीचा हिशेब मासळीपासून सुरू होत नाही, डिझेलपासून सुरू होतो. म्हणून साथींनो, होर्मुझची सामुद्रधुनी आपल्यापासून दूर नाही. इराण आणि ओमान यांच्यामधला हा पाण्याचा पट्टा सर्वात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर. २०२४ मध्ये रोज सुमारे दोन कोटी बॅरल तेल तिथून गेले, जगाच्या वापराचा जवळपास पाचवा हिस्सा. आपल्या शेगडीचा आयात गॅसही बहुतेक आखातातूनच येतो. तेव्हा "टँकर शेटजीचा आहे, बुडाला तर बुडू दे" म्हणणाऱ्या मित्रांशी आमचे पटत नाही. भाव वाढला की आधी गरिबाचीच शेगडी विझते.

जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात दोन टँकरांवर हल्ले झाले. आठवड्याभरात भारतीय नौदलाने 'ऑपरेशन संकल्प' सुरू केले आणि 'चेन्नई' व 'सुनयना' या नौका तिकडे धाडल्या. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे: जे सरकार मालासाठी आठवड्यात जहाजे हलवते, ते माणसासाठी कधी हलते?

संरक्षण कुणाला मिळते हे १९८७ मध्येही दिसले होते. इराण-इराक युद्धात कुवेतच्या ११ टँकरांवर अमेरिकेने आपला झेंडा चढवला, तेव्हा कुठे त्यांना अमेरिकी युद्धनौकांची सोबत मिळाली. पहिल्याच ताफ्यात २४ जुलैला 'ब्रिजटन' हा टँकर सुरुंगावर आदळला. मग काय झाले? युद्धनौका टँकरच्या मागे मागे चालल्या, कारण सुरुंगाचा धक्का अजस्र टँकर सोसू शकत होता, त्यांना तो सोसला नसता. राखायला आलेले मागे आणि टँकरवरचे कामगार पुढे! हा क्रम आपल्या ओळखीचा आहे.

आणि टँकरवर असतात कोण? जुलै २०१९ मध्ये इराणने होर्मुझमध्ये 'स्टेना इम्पेरो' पकडला. झेंडा ब्रिटनचा, पण २३ जणांपैकी १८ भारतीय. एप्रिल २०२४ मध्ये पकडलेल्या 'एमएससी एरीज' या मालवाहू जहाजावर २५ पैकी १७ भारतीय. बातमी मात्र झेंड्याची आणि मालकाची होते.

आता होर्मुझ सोडा, घराजवळचे वादग्रस्त पाणी पाहा. कच्छजवळची सर क्रीक ही ९६ किलोमीटरची खाडी. तिचा वाद सुटलेला नाही, त्यामुळे पुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतले आदिवासी तरुण उचल घेऊन ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, ते याच पाण्याच्या आसपास. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने 'जलपरी' बोटीवर गोळीबार केला. मेला तो आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वडराईचा मच्छीमार. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला आणि मृतदेह घरी यायला महिन्याहून जास्त लागला. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे १९३ मच्छीमार पाकिस्तानच्या कोठड्यांत होते. आपल्याकडे त्यांचे ८१ होते, हेही सांगितले पाहिजे. तेही कुणाच्या तरी घरचे कमावते.

यावर ठरलेले उत्तर येते: "हद्द ओलांडतातच कशाला?" अहो, बोट खलाशी हाकत नाही, तांडेल हाकतो. कुठवर जायचे ते मालकाचा हिशेब ठरवतो. उचल घेतलेला पोरगा भर समुद्रात "मला इथे उतरवा" म्हणणार आहे का? नफा मालकाचा, तुरुंग खलाशाचा. २६/११ नंतर याच माणसाला बायोमेट्रिक कार्ड देऊन सागरी सुरक्षेचे कान-डोळे म्हटले गेले. कान-डोळे हवेत, पोट नको.

असे विचारले की लगेच देशद्रोहाचा शिक्का तयार असतो. त्यांना सांगा, ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, हा हिशेब त्यांनी देशासमोर ठेवला आणि त्याचे मूळ परराष्ट्र धोरणात दाखवले. संरक्षणाचा हिशेब मागणे ही आपली जुनी परंपरा आहे.

आणि मागणी अवघडही नाही. आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्याचे ७३ वे कलम सांगते की प्रादेशिक समुद्रापलीकडच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर दोन देशांत वेगळा करार नसताना कैद देता येत नाही. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा कायदा मान्य केलेला आहे. कैद्यांसाठी दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती, तिची शेवटची तुरुंगभेट २०१३ ची. ती समिती पुन्हा चालू करायला युद्धनौका लागत नाही. खलाशाचा लेखी करार, बोट हद्दीजवळ गेली की इशारा देणारे यंत्र आणि कैदेच्या काळात घरी मजुरी, यालाही लागत नाही. वाढवणच्या बंदरासाठी ७६ हजार कोटी काढणाऱ्यांना हे परवडत नाही असे कुणी सांगू नये.

दोन्ही देश कैद्यांच्या याद्या १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतात. पुढची यादी आली की तिच्यात डहाणू-तलासरीचे किती, हे आम्ही तहसील कार्यालयात लेखी विचारणार आहोत. ज्यांच्या पाड्यातला माणूस गुजरातच्या बोटीवर आहे, त्यांनी बोटीचा नंबर, बंदराचे नाव आणि मालकाचा फोन आजच वहीत लिहून ठेवावा.

जय भीम!