बल्ब बदलायच्या आधी काच पुसा

उसाचा हंगाम तोंडावर आला, की गाडीच्या सामानाच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते. ‘लाइट कमी पडायलाय, एलईडी टाकून द्या की.’ बेळगावजवळच्या सांबरा, मुतगे, निलजी, बसवण कुडची, पंत बाळेकुंद्री या भागातल्या सगळ्या गाडीवाल्यांना माझी विनंती याच मागणीबद्दल आहे.

तक्रार खरी आहे, हे आधीच मान्य करतो. बागलकोट रोडला रात्री गाडी चालवणाऱ्याला ती कुणी समजावून सांगायला नको. पुढं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस आणि मागं एक लाल दिवासुद्धा नाही. कडेनं पाळी सुटलेले कामगार सायकलवर, विमानतळाकडं घाईत निघालेली टॅक्सी, मध्येच कुत्रं. अशा रस्त्यावर जास्त उजेड हवासा वाटणं साहजिक आहे. फक्त त्यासाठी हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाहेरून आणलेला एलईडी किंवा एचआयडी बल्ब खोचू नका.

कारण बल्बच्या पोटात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत एच-फोर जातीचा बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात. ६० वॅटची अप्परला पेटते, ५५ वॅटची डिपरला. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी बसवलेली असते. ती वाटी उजेड खालच्या बाजूला जाऊ देत नाही, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला येतो आणि तिथून उजेड खाली रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड तिरकी कापलेली असते. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून डाव्या कडेला उजेड जरा वर चढतो आणि सायकलवाला, दगड, वळण दिसतं. उजवीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्याकडं, तो खालीच राहतो. ही सगळी रचना त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेली असते. तार मिलिमीटरभर जरी सरकली, तरी गणित बिघडतं.

एलईडी बल्बात तार नसते. पट्टीच्या दोन अंगांना चिपा चिकटवलेल्या असतात. पट्टीला जाडी असते, चिपांचा आकार वेगळा असतो, आणि उजेड चहूबाजूंनी सारखा न निघता दोन बाजूंना निघतो. रिफ्लेक्टर बिचारा आपलं काम करतच राहतो, पण त्याला मिळणारा उजेड भलत्या जागेवरून आलेला असतो. मग तो झाडाच्या शेंड्यावर जातो, समोरच्याच्या काचेत जातो, रस्त्याच्या कडेला सांडतो. एचआयडीचं तर आणखी अवघड. त्यात तार नाही, वायूत पेटणारी ज्योत असते. ती पेटवायला बॅलास्ट वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो, आणि पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात. ३५ वॅटमध्ये साधारण ३,२०० ल्युमेन उजेड. एच-फोरच्या डिपरची तार देते साधारण १,००० ल्युमेन. तिप्पट उजेड, आणि तो अडवायला जागच्या जागी वाटी नाही. कंपनीनंच झेनॉन, म्हणजे एचआयडी, बसवलेल्या गाड्यांत त्यासाठी वेगळी भिंगं असतात. युरोपच्या नियमांत तर २,००० ल्युमेनच्या वरच्या अशा दिव्यांना आपोआप उंची सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवाराही लागतो. दुकानातल्या किटमध्ये यातलं काय मिळतं, ते डबा उघडून बघा.

डब्यावरच्या आकड्यांबद्दलही बोलतो. ‘२०,००० ल्युमेन’ असं ठळक छापलेलं असतं. अशा बल्बात एका वॅटला शंभरेक ल्युमेन मिळाले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे वीस हजारांसाठी दोनशे वॅट पाहिजेत. तुमच्या हातातला बल्ब तीस-चाळीस वॅट खातो. उरलेले ल्युमेन छापखान्यात तयार झालेले असतात.

‘पण मला खरंच जास्त दिसतंय’ असं सांगणारे बरेच भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. गाडीच्या पुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा पांढराफेक होतो आणि मनाला धीर येतो. पण जवळ इतका उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. ट्रॉली दिसली पाहिजे ती साठ-सत्तर मीटरवरून. पंधरा मीटरवर दिसून काय उपयोग? पावसात भिजलेल्या डांबरावर तर हा ६,००० केल्विनचा निळसर पांढरा उजेड पुरता हरवतो. हॅलोजनचा पिवळसर उजेड साधारण ३,२०० केल्विनचा, त्यात ओला रस्ता जास्त नीट दिसतो, असा बऱ्याच ड्रायव्हरांचा अनुभव आहे.

समोरच्याचा विचार आता. झगझगीत फोकस डोळ्यांत गेला की नजर पुन्हा जागेवर यायला काही सेकंद लागतात, वय झालेल्या माणसाला त्याहून जास्त. तीन सेकंद धरले तरी ६० च्या वेगात त्याची गाडी पन्नास मीटर आंधळी चालते. आणि ती पन्नास मीटर आंधळी गाडी येत असते तुमच्याच अंगावर. शेजाऱ्याच्या भल्यासाठी म्हणून मी हे सांगत नाही, तुमच्या स्वतःच्या जिवासाठी सांगतो.

प्रोजेक्टरच्या, म्हणजे आत गोल भिंग असलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी टाकला तर चकाकी त्यामानानं कमी होते, कारण तिथं उजेड अडवणारी पट्टी बल्बात नसून दिव्यातच असते. हे खरं आहे, आणि दुकानदार ते सांगतातही. तरी उजेडाचा मुख्य ठिपका जागा सोडतो आणि लांबचं कमी दिसतं. कंपनीतूनच एलईडी बसून आलेल्या गाडीचा प्रश्न वेगळा, तिचा सगळा दिवाच त्यासाठी बनवलेला असतो. जर्मनीत २०२० नंतर काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण तीही ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यापुरती, तपासून, यादी करून. आपल्याकडं काउंटरवर मिळणाऱ्या बिननावाच्या डब्याला तो दाखला लावू नका.

कायद्याचं म्हणाल तर तो आजचा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या बाजूला अर्धा मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला डिपरचा उजेड दिपवणारा नको. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाचा खांदा, किंवा जीपवाल्याची नजर. गाडीत मनाचे बदल करायला १९८८ च्या कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कर्नाटक पोलिसांनी तर २०२४ च्या जुलैपासून डोळे दिपवणाऱ्या एलईडी हेडलाइटविरुद्ध राज्यभर मोहीमच काढली. आपल्याकडं राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बोलायला विषय पुष्कळ आहेत, पण हा कायदा केंद्राचा आहे. निपाणीत जो बल्ब चुकीचा, तो कागलमध्येही चुकीचाच, आणि चोर्ला उतरून गोव्यात गेलात तरी तोच.

मग करायचं काय? सगळ्यात आधी हेडलाइटची काच बघा. ती काच नसतेच, प्लास्टिक असतं. पाच-सात वर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं ते पिवळं, धुरकट पडतं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१८ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा अशा खराब झालेल्या हेडलाइटमधून डिपरला नव्याच्या पाव भागाहूनही कमी उजेड बाहेर पडत होता. आत कितीही भारी बल्ब घाला, तो या धुक्यातूनच यायचा, आणि वर पसरून यायचा. बारीक पॉलिश पेपरनं पाणी घालून घासून, बफ मारून, वरून उन्हापासून वाचवणारा थर देऊन घ्या. थर न देता नुसतं घासून दिलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं होतं. फारच गेलं असेल तर दिवाच नवा घ्या, दोन्ही बाजूंचा.

दुसरं वायरिंग. ओम्नी, सुमो, जुनी बोलेरो, वडापच्या ट्रॅक्स, यांच्यात बॅटरीपासून बल्बपर्यंत पोचता-पोचता व्होल्टेज गळतं. बेळगावच्या पावसाळ्यात अर्थची वायर गंजते ती वेगळीच. हॅलोजनचं असं आहे, की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. इंजिन चालू ठेवून, लाइट पेटवून, मीटर आधी बॅटरीला आणि मग बल्बच्या होल्डरला लावायला सांगा. अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त फरक दिसला तर अर्थ साफ करून रिलेचं वायरिंग टाकून घ्या. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे दोन-तीन तासांत करतो. या कामानंतर ‘बल्ब बदलला काय?’ असं लोक विचारतात.

तिसरा बल्ब, आणि तो हॅलोजनच. नावाजलेल्या कंपनीचा, ६०/५५ वॅटचाच, दोन्ही एकदम बदला, जुना बल्ब काळवंडलेला असतो. शंभर-नव्वद वॅटचा घेऊ नका, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी जळते. निळ्या काचेचाही नको, तो निळा रंग उजेड खातो. बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नका.

आणि मग फोकस. याच्याकडं कुणी बघतच नाही, खरं तर निम्मं दुखणं इथंच असतं. टायरची हवा बरोबर करा, ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा. सपाट जागा बघून गाडी भिंतीसमोर सरळ उभी करा, दिव्यापासून भिंत बरोबर दहा मीटर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूनं रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, डावीकडं जरा वर चढलेली. काही गाड्यांत नेमका उतार टक्क्यांत लिहिलेला असतो, तो असेल तर तोच धरा. दिव्यामागचा स्क्रू फिरवून हे होतं. डॅशबोर्डवर ० ते ३ असं चक्र असेल तर ते खेळणं नव्हे. मागं पाहुणे आणि डिकीत बाजाराच्या पिशव्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा चक्र फिरवून फोकस खाली आणायचा असतो. मुलाला अप्परवर चालवू नकोस असं सांगणारे वडील स्वतःचा डिपरच अप्परइतका वर लावून फिरताना मी पुष्कळ पाहिलेत.

पुढची काच आतूनही पुसा. तिथं बसलेला चिकट थर दिवसा दिसत नाही, रात्री समोरचा लाइट त्यावर पसरतो. आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी एकदा डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात झाली की रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात, आणि माणूस दोष हेडलाइटला देत बसतो.

ट्रॅक्टरवाल्या मामांनाही दोन शब्द. तुमच्या ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी असली, तर साध्या हॅलोजनच्या उजेडातही ती लांबून चमकते, कारण ती पट्टी उजेड आला तिकडंच परत पाठवते. आमचे बल्ब बदलण्यापेक्षा ती पट्टी लाख पटीनं स्वस्त आणि उपयोगाची. उसानं ती झाकली जाते, म्हणून शेवटच्या ट्रॉलीला लोंबणाऱ्या उसाच्या टोकालाही एक लाल कापड आणि रिफ्लेक्टर बांधा. आणि ट्रॅक्टरच्या मागचा नांगरटीचा पांढरा दिवा रस्त्यावर आल्यावर बंद करा. मागच्याला तो समोरून येणाऱ्या गाडीसारखा दिसतो. बुलेटच्या गार्डला चार-चार फोकस लावून फिरणाऱ्या पोरांनाही हीच विनंती, तुमचे दिवे कुणी लेव्हल करून लावलेले नसतात.

आंबोली किंवा चोर्ल्याला धुकं लागलं तर अप्पर बंद. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर, फॉग लॅम्प असतील तर ते, आणि वेग कमी. समोरचा डिपर देत नसेल तर त्याच्या दिव्याकडं बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडं बघा. ‘तो देत नाही मग मी का देऊ’ म्हणून आपणही अप्पर ठोकला, तर रस्त्यावर एकाच्या जागी दोन आंधळे होतात.

ज्यांनी एलईडी आधीच बसवलाय त्यांनी आजच संध्याकाळी एक करून बघा. डिपर लावून घरच्या कुणाला गाडीत बसवा, आणि स्वतः आठ-दहा मीटर पुढं जाऊन, गाडीच्या उजव्या बाजूला, जरा गुडघे वाकवून उभे राहा. डोळे मिटायला लागले तर तो बल्ब काढा. काढताना होल्डर कापलाय का बघा. कापला असेल तर कंपनीचा होल्डर पुन्हा लावून घ्या, नुसती टेप गुंडाळून ठेवू नका. जुने हॅलोजन बल्ब दुकानातच सोडून आला असाल तर नवी जोडी घ्या, एका एलईडी किटच्या पैशांत तशा दोन-तीन जोड्या येतात. आणि बल्ब बदलल्यावर फोकस पुन्हा भिंतीवर बघितल्याशिवाय दुकानातून निघू नका.