टाकीचे घाव आणि तांब्याचे कासव

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ ही म्हण मी पंचवीस वर्षे वर्गात सांगितली. फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली, निबंधात वापरणाऱ्याला अर्धा गुण जास्त दिला. आज मला ती मराठीतली सर्वांत सोयीची म्हण वाटते. सोयीची कोणाला, तर ज्याच्या हातात टाकी आहे त्याला. दगडाने ती सांगितल्याचे ऐकिवात नाही.

निवृत्तीनंतर पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एका कारागिरांकडे मी पत्र्याचे काम शिकायला जाऊ लागलो. पहिले काम कासवाचे. तांब्याच्या सपाट चकतीतून पाठ उठवायची, कडेला राखलेल्या पट्ट्यांतून डोके आणि पाय वळवायचे. वाळूच्या पिशवीवर चकती ठेवून मी लाकडी मोगरीने ठोकू लागलो. सुरुवातीला तांबे मुकाट ऐकते. थोड्या वेळाने आवाज बदलतो. बद्द होता तो खणखणीत होतो, मोगरी उसळू लागते. मी मास्तर. मला वाटले, आता जोर वाढवायचा. लोखंडी हातोडी उचलली. कारागीर म्हणाले, “सर, आता मारू नका, ताव द्या.” मी ऐकले नाही. कडेला केसासारखी रेघ उमटली आणि दोन-चार ठोक्यांत पाठ मानेपासून तडकली.

कारण साधे आहे. ठोक्यागणिक धातूची आतली रचना विस्कटते, गुंतते, आणि पत्र्याची लवण्याची ताकद संपत जाते. तो मंद लाल होईपर्यंत तापवला की रचना नव्याने जुळते, तांबे पुन्हा मऊ होते. (पोलादासारखे ते पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, पाण्याने उलट वरची काजळी सुटते.) पुन्हा ठोकायचे, पुन्हा ताव. शेवटच्या मठारकामात कडकपणा हवाच असतो, त्यानेच भांडे टिकते. पण तो शेवटी, आकार पूर्ण झाल्यावर. आणि टाकी दगड काढून टाकते, तर इथे छाटलेली कड सोडली तर काहीच काढायचे नसते. चकतीतलेच तांबे सरकून पाठ होते.

म्हणीचे कैवारी म्हणतील, म्हण दगडाची आहे, तुम्ही तांब्याचे काय सांगता? मग मूल दगड आहे हे कोणी ठरवले? शाळेतल्या शारीरिक शिक्षेला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. म्हणीला कोण घालणार? छडी गेली, म्हण राहिली, आणि ती आता आपल्या साहित्यात सुखाने नांदते आहे.

एका कविता-कार्यशाळेत एका मुलीने पहिलीच कविता वाचली. एका ज्येष्ठांनी ती ओळीओळीने सोलली, सभागृह हसले, आणि शेवटी त्यांनी प्रेमाने हीच म्हण ऐकवली. त्या कवितेत दोष होते, ते सांगायलाच हवे होते. पण तिचा आवाज खणखणीत झाला होता, ताठ, तुटक. तो आवाज मी आज ओळखतो. तेव्हा मी मंचावर बसून मान डोलावत होतो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि चहाच्या वेळी आम्ही म्हणालो, सोसण्याची ताकद नाही या पिढीत.

दुसऱ्या कासवाला मी अकरा ताव दिले. पाठ पूर्ण उठली, एक पाय जरा तिरका आहे. कार्यशाळेला मात्र मी तडकलेले पहिले नेणार आहे. कोणी ती म्हण काढली की त्यांच्या हातात देईन आणि विचारीन, यात देवपण कुठे आले ते दाखवा.