खोड मांजराची की आपली?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण दर वर्षी लिहून घेतो. यंदा पाचवीतल्या एका मुलाने त्याच्या बोक्यावर लिहिलं होतं. घारे डोळे, मऊ केस, चार पाय, सगळं नेहमीचंच. शेवटची ओळ मात्र वेगळी होती. बोका गादीवर शू करायचा म्हणून बाबांनी त्याला पोत्यात घालून मंडईत सोडलं, असं त्याने लिहिलं होतं. त्या पानावर मला 'छान' असा शेरा देता आला नाही.

मधल्या सुट्टीत मी त्याच्याशी बोलले. बोक्याचं रेतीचं घमेलं कुठे असायचं? "वॉशिंग मशीनच्या शेजारी." साफ कधी करायचात? "रविवारी."

आता सांगा, खोड कोणाची होती?

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मांजराच्या बहुतेक 'खोडी' म्हणजे त्याच्या नैसर्गिक गरजा किंवा तक्रारी असतात. त्याला बोलून सांगता येत नाही, म्हणून ते वागून सांगतं. 'मुद्दाम केलं', 'सूड उगवला' ही आपली भाषा झाली, मांजराची नव्हे.

मांजर मुळात स्वच्छ प्राणी. उकरून, झाकून ठेवणारं. घमेलं घाण असेल, गडगडाट करणाऱ्या यंत्राजवळ असेल किंवा जेवणाच्या ताटलीला लागून असेल, तर ते दुसरी जागा शोधणारच. घमेलं शांत कोपऱ्यात ठेवा, रोज साफ करा. जितकी मांजरं त्याहून एक घमेलं जास्त ठेवावं, असं जाणकार सांगतात.

आणि हे सगळ्यांत आधी लक्षात घ्या. नीट वागणारं मांजर अचानक भलतीकडे शू करू लागलं, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवीला जळजळ होत असेल, तर मांजर त्या दुखण्याचा संबंध घमेल्याशी जोडतं आणि तिथे जाणं टाळतं. बोका पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. मूत्रमार्ग पूर्ण अडला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. आपण ज्याला खोड म्हणून रट्टा घालतो, ते कदाचित दुखणं असतं. उभ्याने शेपूट ताणून भिंतीवर फवारा मारणं मात्र वेगळं. ती आपल्या हद्दीची खूण असते आणि नसबंदीनंतर ती सवय बहुतेकदा कमी होते.

सोफा ओरबाडतं? नखांवरची जुनी टरफलं काढायला, अंग ताणायला आणि पंजांचा वास सोडायला त्याला ते लागतंच. त्याच सोफ्याशेजारी सुतळी गुंडाळलेला, न हलणारा उंच खांब उभा करा. तिथे ओरबाडलं की लगेच खाऊ द्या.

पहाटे धुडगूस घालतं? मांजर शिकारी आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते जास्त जागं असतं. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं दोरीचं खेळणं पळवा, मग जेवण द्या. दोरी नंतर उचलून ठेवा, कारण ती गिळली तर आतड्यात अडकते. मुलांनी हाताची बोटं मात्र खेळणं म्हणून देऊ नयेत. पिल्लू असताना गंमत वाटते, पुढे तोच चावा होतो.

मारल्याने काय होतं? गादी आणि रट्टा यांचा संबंध मांजराला कळत नाही. कळतं एवढंच, की हा माणूस धोक्याचा. मग ते आपण नसताना, लपून तेच करतं. वर्गात आपण हे पाहिलेलं नाही का?

समजून घ्या म्हणजे सगळं सहन करा, असं मी म्हणत नाही. मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराला रेबीजची लस द्याच. अगदीच जमत नसेल, तर जबाबदार घर शोधून द्या. मंडईत सोडू नका. घरात वाढलेल्या मांजराला तिथे खायला मिळेल, ही आपणच केलेली आपली समजूत. प्राणी भुकेने, तहानेने तळमळेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. सजीवांबद्दल दयाभाव बाळगणं हे संविधानाच्या कलम ५१ क मधलं मूलभूत कर्तव्य आपण वर्गात पाठ करून घेतो. घरी मुलं मात्र पोतं बघतात.

म्हणून पुढच्या वर्षी निबंधाला मी एक प्रश्न जोडणार आहे : 'तुमचा प्राणी कधी चुकीचा वागला? का वागला असेल?' तुम्हीही जोडून बघा. उत्तर लिहिण्यासाठी मूल घरी जाऊन आधी घमेलं कुठे ठेवलंय ते बघेल.