मोबाइल काढून घेतल्याने कंपू मोडत नाहीत


‘मोबाइल काढून घ्या, टोळकी आपोआप मोडतील’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. मोबाइल नव्हते तेव्हाही कंपू होतेच. आमच्या सीमाभागात मराठी शाळेतून आलेले मूल आठवीला कन्नड वर्गात बसते, तेव्हा मधल्या सुट्टीत कुणाच्या पंगतीला बसायचे हाच त्याचा पहिला प्रश्न असतो. उच्चारावरून हशा पिकला की ते गप्प होते आणि जो कंपू सामावून घेईल त्याचे सगळे ऐकू लागते. गार्डनर व स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये मोटार चालवण्याच्या खेळातून दाखवले, की १३ ते १६ वयाची मुले मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करतात. एकटी असताना तशी वागत नाहीत.
म्हणून ‘त्याची संगत सोड’ हे फर्मान निरुपयोगी आहे. आज कुणाबरोबर जेवलास, एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या मित्रांना घरी जेवायला बोलवा, त्यांच्या आयांशी ओळख ठेवा. छळ होत असेल तर मात्र थांबू नका, वर्गशिक्षकांना गाठा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन मोफत आहे.

– एक पालक, दुबलगुंडी (ता. हुमनाबाद, जि. बीदर)