महाग टोस्टर: कोणासाठी?

संपादक महोदय,

‘टोस्टरवर एवढे पैसे कशाला?’ असे विचारणाऱ्या वाचकाने ब्रिटनच्या ‘ड्युअलिट’ला जरा घाईने मोडीत काढले. १९४५ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या ‘क्लासिक’ टोस्टरमधून पाव उसळून वर येत नाही. यांत्रिक टायमर संपला की तारा थंडावतात आणि पाव हाताने दांडी वापरून वर घ्यायचा. तार जळाली तर ती तार असलेली पट्टी तेवढी बदलायची. स्वस्त टोस्टर उघडायलाच धड जमत नाही! तरीही आठवड्यातून एखाद्या वेळी पाव भाजणाऱ्याने असा महाग टोस्टर घेणे म्हणजे निव्वळ मिरवणे. रोज पाव भाजणाऱ्या उपाहारगृहाचा हिशेब वेगळा. अर्थात, प्रत्येक सुटा भाग परदेशातून मागवावा लागणार असेल, तर माझेही मत त्या वाचकाच्याच पारड्यात.

आपला,
एक वाचक