सहीसारखी रेषा

‘चित्रकला हा आपला प्रांत नव्हे,’ असे म्हणणारी माणसेही जन्मभर एक चित्र काढत असतात. ते म्हणजे स्वतःची सही! बँकेत वर्षानुवर्षे सह्या पडताळताना एक गोष्ट ध्यानात आली. एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्या तंतोतंत जुळत नाहीत, तरी दोन्हींत तो माणूस दिसतो. गिरवलेली सही हुबेहूब असते. पण तिची रेषा बिचकलेली, कापरी असते.

उतारवयात रेखाटन शिकू पाहणाऱ्याने एवढे ओळखले तरी पुरे. शाळेत पट्टी आणि खोडरबर हाती आले, नमुन्याबरहुकूम चित्राला गुण मिळाले आणि हात भित्रा झाला. वसंत सरवटे (१९२७–२०१६) स्थापत्य अभियंता होते. पट्टीवाचून पान न हलणारा तो व्यवसाय! तरी जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळा’ला चेहरा दिला, तो त्यांच्या मोकळ्या रेषेनेच.

लवळ्यासारख्या गावात विषय शोधावे लागत नाहीत. टेकडीची कड आहे, बांधावरची म्हैस आहे. पेन घ्यावे, कागदापेक्षा म्हशीकडे जास्त पाहावे. तिचा बसलेला भार रेषेत उतरतो का, ते बघावे. चुकले तर खोडू नये, शेजारी दुसरी रेषा काढावी. नातवंडांचे खोडरबरही रविवारपुरते लपवावे. म्हैस ओळखू आली नाही तरी बिघडत नाही. काढणारा ओळखू यायला हवा.