फोटो धुवा, पण बेताने!

रविवारी रात्री ग्रुपवर दीडशे फोटो येऊन पडतात. कोलाडचं राफ्टिंग, कुणाची तरी हळद, हॉटेलातला मंद दिव्यांचा बर्थडे. मोबाइलवर सगळे झकास दिसतात. सोमवारी त्यातला एखादा ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर उघडला की खरी मजा सुरू होते. गालांवर रवा सांडल्यासारखे दाणे, काळ्याभोर आकाशात लाल-हिरवे ठिपके आणि केसांच्या जागी नुसता काळा ढग. मग मला मेसेज येतो, ‘यार, फोटो क्लीन आणि शार्प करणारं एखादं सॉलिड सॉफ्टवेअर सांग ना. फुकट असेल तर बेस्ट!’

एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा अख्खा कॉलम.

आधी हे दाणे येतात कुठून ते बघू. पावसाची पहिली भुरभुर सुरू झाली की अंगणात शंभर वाट्या मांडून ठेवा आणि दहा सेकंदांनी उचला. एकीत चार थेंब, शेजारचीत नऊ, तिसरी कोरडीच. तासभर मुसळधार पडला तर सगळ्या जवळपास सारख्या भरतील. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे या वाट्या आणि प्रकाश म्हणजे पाऊस. उजेड कमी असला की वाट्यांमधला फरक उघडा पडतो. आयएसओ वाढवला म्हणजे उजेड वाढत नाही, जमलेलं तेवढं मोठं करून दाखवलं जातं आणि त्याबरोबर फरकही मोठा होतो. हाच नॉइज. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, म्हणजे वाट्याही चिमुकल्या. म्हणून फोन रात्री पटापट अनेक फोटो काढून त्यांची सरासरी करतो. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, त्यामागचा फंडा हाच.

माझी स्वतःची परीक्षा झाली अंजनगाव सुर्जीला. अमरावती जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, माझ्या आत्याचं सासर. इतिहासाच्या पुस्तकात ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह होता ना, दौलतराव शिंदे आणि इंग्रजांमधला? तेच हे. (त्या तहाचा फोटो कुणी मागू नये. फोटोग्राफी जगापुढे यायलाच अजून ३६ वर्षं होती.) इथले पानमळे नावाजलेले, आणि मला एका मासिकासाठी त्यांच्यावर फोटोफीचर करायचं होतं.

चपला बाहेर काढून मळ्यात शिरलं की ऊन एकदम मागे राहतं. नागवेलींच्या रांगा डोक्यावर गेलेल्या, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि सगळा उजेड पानांतून गाळून आलेला, हिरवट. पानं खुडणारे हात थांबत नाहीत. ते हलले तर फोटो गेला, म्हणून शटर १/१२५ च्या खाली आणता येत नव्हतं. माझा सेकंडहँड डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स, म्हणजे आयएसओ ३२०० शिवाय पर्याय नाही. रात्री घरात एका बल्बखाली पानांची चवड लावताना तर ६४००. परत येऊन लॅपटॉपवर बघते तर चारशे फोटो आणि प्रत्येकात रवा!

मग त्यातलं एकच पान निवडलं आणि त्याच्यावर सॉफ्टवेअरं लावून बघितली. तुम्हीही असंच करा. कंपनीच्या वेबसाइटवरच्या गोऱ्या मॉडेलचा गाल बघून काहीही विकत घेऊ नका. तिथे सगळंच चकाचक दिसतं.

पहिली जुनी पिढी. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हापासूनचं नीट इमेज. त्याला फोटोतली एखादी सपाट जागा दाखवायची, भिंत किंवा आकाश. तिथले दाणे मोजून ते तुमच्या कॅमेऱ्याचं नॉइज-प्रोफाइल बनवतं आणि मग तेवढंच काढायचा प्रयत्न करतं. दुसरं डार्कटेबल, पूर्ण फुकट, ओपन सोर्स. त्यात शेकडो कॅमेऱ्यांची प्रोफाइल्स आयएसओनुसार आधीच भरलेली असतात. दिसायला ते विमानाच्या कॉकपिटसारखं आहे. पहिला रविवार डोकं धरून बसण्यात जातो, पण दुसऱ्या रविवारी जमतं. त्याच जातीचं रॉथेरपी, तेही फुकट. आणि तिसरी पोरं एआयवाली. डीएक्सओचं डीपप्राइम २०२० मध्ये आलं, अडोबीने लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ ला डीनॉइज दिलं, शिवाय टोपाझ आहेच.

जुन्यांची अडचण सरळ आहे. पट्टी जरा जास्त सरकवली की दाण्यांबरोबर पानाच्या बारीक शिराही जातात आणि नागवेलीचं पान प्लॅस्टिकच्या तोरणातलं वाटायला लागतं. त्यातही एक सोय आहे. नॉइज दोन प्रकारचा असतो, रंगाचा आणि उजेड-अंधाराचा. रंगाचे ठिपके बिनधास्त पुसा, नुकसान फारसं होत नाही. उजेड-अंधाराचे दाणे मात्र अर्धे ठेवा. जुन्या फिल्मच्या फोटोतही ते होतेच, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एआयवाल्यांनी मात्र कमाल केली, हे मान्य करते. रॉ फाइल दिली की दाणे गायब आणि शिरा जागच्या जागी. रॉ हा शब्द महत्त्वाचा. सेन्सरने टिपलेला कच्चा माल त्यात असतो. फोनने किंवा कॅमेऱ्याने जेपीईजी बनवला, म्हणजे तो एकदा धुऊन, पिळून, इस्त्री करून झालेला असतो. त्याला पुन्हा धुण्यात फार राम नाही. आणि लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका फोटोला चहा होऊन जातो. माझे चारशे फोटो म्हणजे किती चहा, ते तुम्हीच मोजा. मी फीचरसाठी बावीस निवडले आणि तेवढेच चालवले.

आता शार्पनिंग. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. फोकसच दुसरीकडे गेला असेल तर शार्पनिंग तो परत आणत नाही. ते फक्त कडांच्या एका बाजूचं गडद अजून गडद करतं आणि उजळ अजून उजळ, म्हणजे डोळ्याला धार भासते. फोटोशॉपमधलं ‘अनशार्प मास्क’ हे नाव ऐकून हसू येतं, पण ते डार्करूममधून आलंय. तिथे निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत मूळ निगेटिव्हवर बसवून कडा उठवायचे. पट्टी फार ओढली की डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते, देवाच्या कॅलेंडरातल्या प्रभावळीसारखी. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या फेट्याभोवती ती हमखास दिसते. क्रम कधी उलटवू नका. आधी दाणे काढायचे, मग रंग-उजेड, मग हव्या त्या आकाराचा करायचा आणि धार अगदी शेवटी. आधी धार लावली तर दाण्यांनाच धार येते!

एआयवर एवढी खूश असताना मी त्याला अंजनगावच्या बाजारातला एक फोटो दिला. संध्याकाळी घाईत काढलेला, जरा हललेला, जेपीईजी. मागे दुकानाची पाटी, वर मराठी आणि खाली इंग्रजी. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, पण चांगलं खपणारं आहे. इंग्रजी अक्षरं टकाटक झाली. मराठीत मात्र वेलांट्या एकमेकींत गुंतल्या, ‘क’चं पोट फुटलं आणि शिरोरेषेखाली जे तयार झालं ते ना देवनागरी, ना मोडी. लांबून बघाल तर एकदम शार्प. जवळ जाऊन वाचाल तर शब्दच नाही! म्हणजे हे पुसत नव्हतं, आपल्या मनाने लिहीत होतं. पाहिलेल्या लाखो चित्रांवरून इथे काय असेल याचा अंदाज बांधत होतं, आणि मराठी पाट्या त्याने फारशा पाहिल्या नसाव्यात. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर आलं की मी आधी त्याला मराठी पाटी देते. तुम्हीही द्या. पाच मिनिटांत कळतं की समोरचा धोबी आहे की चित्रकार.

पाटीचं एक वेळ ठीक आहे. आत्याच्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो लावायचा होता आणि घरात त्यांचा नीट म्हणावा असा एकच निघाला. २००७ मधल्या एका लग्नातला, कुणाच्या तरी तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला, ट्यूबलाइटखाली, त्यात आजी तिसऱ्या रांगेत. आबांना तो बारा बाय अठराचा हवा होता. तीन मेगापिक्सेल म्हणजे साधारण २०४८ बाय १५३६ ठिपके. त्यातला आजींचा भाग कापला तर हातात उरतात पाचशे बाय सातशे. एवढ्यातून बारा इंच रुंदी म्हणजे इंचाला चाळीसेक ठिपके. चांगल्या छपाईला तीनशे लागतात.

मी दोन प्रिंट्स करून नेल्या. एक एआयने मोठी केलेली, बारा बाय अठराची. दुसरी नुसते रंगाचे ठिपके काढलेली, दाणे तसेच ठेवलेली, पाच बाय सातची. पहिली बघून घरातली पोरं ‘वॉव’ म्हणाली. पापण्या मोजून घ्याव्यात अशा, त्वचा तुकतुकीत. आबांनी ती खिडकीपाशी नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “बाई साजरी हाय. पन हे काही आमच्या घरची नोहे.”

काय बिनसलंय ते आधी आत्याला दिसलं. “अवं, हनुवटीवरचं गोंदन कुठी गेलं?”

गेलं होतं खरंच. आजींच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते, माहेरी असताना गोंदवलेले. धूसर फोटोत बारीक ठिपके म्हणजे दाणेच, असा हिशेब करून सॉफ्टवेअरने ते पुसले आणि तिथे छान गुळगुळीत हनुवटी बसवली. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. लहान प्रिंटमध्ये ते होते. हिरवे म्हणता येणार नाहीत, करडे झालेले, पण तीन.

आबांचा हट्ट मोठ्या फोटोचा होता, म्हणून फ्रेमवाल्याकडून मोठीच चौकट करून घेतली आणि आत रुंद पांढऱ्या माउंटच्या मधोमध पाच बाय सातचा फोटो बसवला. भिंतीवर चौकट भरदार दिसते. ही युक्ती फुकट आहे आणि जुन्या डिजिटल फोटोंना हिच्याइतकं चांगलं सॉफ्टवेअर मला सापडलेलं नाही. गणितही तिच्या बाजूचं आहे. फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की चार पिक्सेलचा एक होतो आणि सरासरीत दाणे साधारण निम्मे होतात. मॅट कागद घेतला तर उरलेलेही फारसे दिसत नाहीत.

हा प्रश्न फक्त घरगुती नाही. अंजनगावच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि तिथे मेळघाट, १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यातला एक. जंगलातले वाघ मोजताना कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतले पट्टे जुळवून कुठला वाघ कुठला ते ठरवतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. रात्रीच्या फोटोत सॉफ्टवेअरने एखादा पट्टा ‘सुधारला’, तर वाघच बदलला की! वर्ल्ड प्रेस फोटोने २०२४ च्या स्पर्धेच्या नियमांत टोपाझ फोटो एआय आणि अडोबीचं सुपर रिझोल्यूशन यांसारखी फोटो मोठा करणारी एआय साधनं नाव घेऊन बाद केली. ती चित्रात नवी माहिती घालतात, हे त्यांचं कारण. आणि २०२३ मध्ये एका पठ्ठ्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो मॉनिटरवर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला, तर फोनने त्यावर खड्डे काढून दिले. कंपनीनेही सांगितलं, हो, चंद्र ओळखून एआय तपशील ठळक करतं.

तर, खरेदी. महिन्याला दोन-चारशे फोटो काढणारे, रॉमध्ये शूट करणारे आणि आधीच लाइटरूमचे पैसे भरणारे असाल तर वेगळं काही घेऊ नका, त्यातलं डीनॉइज पुरेसं आहे. पट्टी पूर्ण न ओढता मध्याच्या आसपास ठेवा. सबस्क्रिप्शनची अ‍ॅलर्जी असेल तर डीएक्सओचं प्युअररॉ एकदाच पैसे भरून मिळतं. टोपाझने तो पर्याय २०२५ मध्ये बंद केला. पैसेच घालायचे नसतील तर डार्कटेबल आणि दोन रविवार. फक्त फोनचे जेपीईजी असतील तर सॉफ्टवेअर सोडा, फोनच्या कॅमेऱ्यात रॉ सुरू करता येतं का ते आज बघा. आणि जुने फॅमिली फोटो असतील तर मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, काहीही करायचं ते कॉपीवर करा आणि प्रिंटला देण्याआधी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा.

माझ्या फीचरचं म्हणाल, तर बावीसपैकी नऊ फोटो छापले. बल्बखालच्या त्या ६४०० वाल्या फोटोतले दाणे मी अर्ध्याहून जास्त ठेवले होते. मासिकाच्या डिझायनरचा फोन आला, “मॅडम, हा इफेक्ट कुठल्या फिल्टरचा?”